ऑन-रोड आकड्यावर भाव करू नका : लक्झरी एसयूव्ही घेताना

लक्झरी एसयूव्हीच्या शोरूममध्ये सगळ्यात महागात पडणारा प्रश्न म्हणजे, "ऑन-रोड शेवटचं कितीला द्याल?" हे विचारलं की सेल्सवाल्याला मोकळं रान मिळतं. ऑन-रोड आकड्यात, म्हणजे गाडी रस्त्यावर आणेपर्यंतच्या एकूण खर्चात, सहा-सात वेगवेगळ्या रकमा असतात. त्यातल्या काही सरकारच्या, काही विमा कंपनीच्या, काही डीलरच्या आणि एखाद-दोन कुणाच्याच नसलेल्या. एका ओळीत दिलेली सवलत दुसऱ्या ओळीतून काढून घेणं मग अवघड जात नाही. म्हणून भाव करायचा तो ओळीओळीने.

आधी एक कोटेशन उलगडून बघू. आकडे नमुन्याचे आहेत, पण रचना अगदी हीच असते. पुण्यात वैयक्तिक नावावर घ्यायची डिझेल एसयूव्ही, एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीची किंमत) ८० लाख. रोड टॅक्स १५ टक्क्यांनी १२ लाख. टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून गोळा केलेला आयकर) १ टक्का, म्हणजे ८० हजार. विमा ३ लाख ४० हजार. एक्स्टेंडेड वॉरंटी दीड लाख. ॲक्सेसरीज ९० हजार. हँडलिंग की लॉजिस्टिक्स असं काहीतरी नाव लावून २५ हजार. बेरीज ९८ लाख ८५ हजार. थोडी घासाघीस झाली की मॅनेजर येतो, कॅल्क्युलेटर पुढे ओढतो आणि म्हणतो, "सर, ९६ला राऊंड करतो, आजच्या आज बुकिंग करा."

पावणेतीन लाखांहून जास्त सुटले असं वाटतं. आता हेच मोजा. तोच विमा, तेच कव्हर, बाहेरून २ लाख ३० हजारांत मिळत असेल तर तिथले १ लाख १० हजार तुम्ही मुळात देणं लागतच नव्हता. ॲक्सेसरीजचे ९० हजार तुम्ही मागितलेले नव्हते. हँडलिंगला तर आधारच नाही, कारण गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. हे झाले २ लाख २५ हजार. म्हणजे गाडीवरची खरी सवलत फक्त ६० हजार. ८० लाखांच्या गाडीवर ६० हजार म्हणजे एक टक्कासुद्धा नाही.

म्हणून पहिल्या भेटीत भाव बोलूच नका. गाडी बघा, चालवा, व्हेरियंट आणि रंग नक्की करा आणि छापील कोटेशन घेऊन बाहेर पडा. त्यात प्रत्येक रक्कम वेगळी लिहिलेली हवी. "आरटीओ आणि इतर" अशी एकत्र ओळ असेल तर कोटेशन परत करून फोड मागा.

सरकारच्या ओळी

इथे घासाघीस नाही, पण चूक पकडता येते. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के एकरकमी कर आहे. त्यावर रस्ता सुरक्षा उपकर लागतो. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली. फर्म किंवा कंपनीच्या नावावर घेतली, किंवा गाडी पूर्ण आयात केलेली असली, तर दर २० टक्के. ८० लाखांच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १० लाख ४० हजार कर लागतो, तिलाच कंपनीच्या नावावर १६ लाख.

धंदा करणाऱ्यांना सेल्सवाला हमखास सांगतो, "कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्समध्ये सगळं वसूल होतं." सगळं होत नाही. घसारा मिळतो, पण तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे तो आपल्या देण्यातून वजा करण्याची सोय, साधारणपणे मिळत नाही. कर्जाचं व्याज आणि घसारा यांतून वाचणारा आयकर एका बाजूला आणि रोड टॅक्सचे जादा ५ लाख ६० हजार दुसऱ्या बाजूला असा हिशोब सीएकडून करून घ्या. शोरूमच्या सोफ्यावर बसून हा निर्णय घेऊ नका.

टीसीएसचा १ टक्का हा खर्च नव्हे. १० लाखांच्या वरच्या गाडीवर विक्रेता तो तुमच्या पॅनवर गोळा करतो आणि विवरणपत्र भरताना तुमच्या करात तो वळता होतो. तेव्हा "टीसीएस आम्ही सोडतो" ही सवलत धरायची असेल तर ते पैसे गाडीच्या किमतीतून वजा झालेले बिलावर दिसले पाहिजेत. नोंदणी शुल्क ६०० रुपये आणि कर्ज असेल तर बोजा नोंदवायचे १,५०० एवढीच या दोन गोष्टींची सरकारी फी आहे. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी, नव्या गाडीला कंपनीकडूनच येते. "पासिंग खर्च १८ हजार" असं दिसलं तर पावत्या मागा. रोड टॅक्सचंही तेच. आरटीओची पावती हातात आल्यावर ती कोटेशनशी ताडून बघा आणि कमी भरला असेल तर फरक परत घ्या. हे बुकिंगच्या वेळीच लेखी ठरवून ठेवा, नंतर कुणी दाद देत नाही.

पुदुच्चेरी किंवा हिमाचलचं पासिंग करून कर वाचवून देतो म्हणणारा कुणी भेटलाच तर सरळ उठून या. गाडी बारा महिन्यांहून जास्त महाराष्ट्रात राहिली तर इथली नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय खोट्या पत्त्यावर काढलेली कागदपत्रं विमा आणि पुनर्विक्री दोन्हीकडे गळ्यात येतात.

विमा

डीलरचा सगळ्यात सोपा नफा इथे असतो आणि ग्राहकाचं सगळ्यात कमी लक्षही इथेच. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. "बाहेरचा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही" हे त्याच पठडीतलं. कॅशलेस हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर ठरतं, आणि ती यादी विमा कंपनीच्या संकेतस्थळावर असते.

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २०२२च्या दरपत्रकाप्रमाणे तो २४,५९६ रुपये अधिक जीएसटी. हा दर ठरलेला, त्यात कुणी कमीजास्त करू शकत नाही. खरा फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या कव्हरमध्ये, आणि ते एक वर्षाचं पुरतं. डीलर तीन वर्षांचं घालून देत असेल तर पुढच्या दोन वर्षांत भाव करायची सोयच जाते.

दोन कोटेशन ताडताना आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, सारखी आहे ना ते आधी बघा. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, म्हणजे ८० लाखांवर ७६ लाख. कुणी ७० लाख धरून हप्ता कमी दाखवला तर ते स्वस्त नव्हे, कव्हरच कमी आहे. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), रिटर्न टू इन्व्हॉइस (बिलाच्या रकमेइतकी भरपाई), इंजिन प्रोटेक्ट आणि टायर कव्हर ही चार ॲड-ऑन दोन्हीकडे एकसारखी ठेवा. रिटर्न टू इन्व्हॉइस या वर्गाच्या गाडीला घ्यावंच, कारण चोरी किंवा टोटल लॉस झाला तर बारा लाखांचा रोड टॅक्स परत मिळायचा तो त्यातूनच. तोही कव्हरमध्ये आहे असं पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं हवं. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्ट सोडू नये. पाणी भरलेल्या रस्त्यात इंजिनात पाणी गेलं तर साधी पॉलिसी सहसा हात वर करते.

आणखी एक, जे सेल्सवाला आपणहून सांगत नाही. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या गाडीवर तुमचा ५० टक्के एनसीबी जमला असेल तर ती विकल्यावर विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या आणि नव्या गाडीला लावा. ओन डॅमेजच्या हप्त्यात थेट निम्मी सूट मिळते. दोन लाखांच्या हप्त्यावर हा लाखाचा प्रश्न आहे.

गाडीची किंमत

आता मुख्य ओळ. इथे डीलरकडे किती जागा आहे हे तीन गोष्टींवर ठरतं : कंपनीचा त्या महिन्याचा पाठिंबा, डीलरचं तिमाहीचं टार्गेट आणि ती विशिष्ट गाडी यार्डात किती दिवस उभी आहे.

तिसरी गोष्ट तुम्हाला तपासता येते, तेव्हा तिच्यावर जोर द्या. डीलर स्टॉकसाठी कर्ज काढतो. ऐंशी लाखांच्या गाडीवर ९-१० टक्के व्याज धरलं तर महिन्याला पन्नास हजारांच्या वर जातात. चार महिने उभी असलेली गाडी त्याला दोन लाख खाऊन बसलेली असते आणि ती काढायची त्याला तुमच्यापेक्षा जास्त घाई असते. म्हणून "काळ्या रंगाची मिळेल का?" यापेक्षा "तुमच्या यार्डात आत्ता कोणत्या गाड्या आहेत आणि त्यांचा उत्पादनाचा महिना कोणता?" हे विचारा. बऱ्याच कंपन्यांच्या चेसिस नंबरातलं दहावं अक्षर वर्ष सांगतं : आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. पण अक्षरावर भिस्त ठेवू नका. विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, उत्पादनाचा महिना-वर्ष लिहिलेला असतो आणि तोच पुढे आरसीवर येतो. बुकिंगच्या कागदावर चेसिस नंबर लिहून घ्या. तो लिहिलेला नसेल तर ठरवलेली गाडी एक आणि हातात येणारी दुसरी असं होऊ शकतं.

गेल्या वर्षाच्या उत्पादनाची गाडी जानेवारीनंतर घेत असाल तर सवलत कमी पडू देऊ नका. विकायला काढाल तेव्हा समोरचा आधी आरसीवरचं उत्पादनाचं वर्षच बघणार. माझ्या मते तिथे एक्स-शोरूमच्या आठ-दहा टक्क्यांखाली सौदा करण्यात अर्थ नाही. गाडी पाच-सहा वर्षं ठेवणारच असाल तर मात्र हा सौदा चांगला, कारण तेवढ्या काळात एका वर्षाचा फरक विरून जातो.

मर्सिडीज-बेंझचं गणित वेगळं आहे. ऑक्टोबर २०२१ पासून भारतात त्यांनी 'रिटेल ऑफ द फ्युचर' ही पद्धत आणली. गाडीचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, किंमत देशभर एक, आणि डीलरला कमिशन. त्यामुळे तिथे किमतीवर तासभर डोकं आपटून हाती काही लागत नाही. कंपनीने स्वतः जाहीर केलेली सवलत सगळ्यांना सारखी. तिथे विमा, जुन्या गाडीची किंमत, सर्व्हिस पॅकेज आणि ॲक्सेसरीज या डीलरच्या हातातल्या ओळींवर बोला. मर्सिडीजच्या जीएलईचा विचार असला तरी बीएमडब्ल्यू एक्स५, ऑडी क्यू७ आणि व्होल्वो एक्ससी९० यांची कोटेशन घेऊन ठेवा. बाकीच्यांशी बोलताना त्यांचा उपयोग होतो आणि आपल्यालाही मोजमाप राहतं.

मागणीपेक्षा पुरवठा कमी असलेल्या गाडीवर, म्हणजे नुकतीच आलेल्या किंवा वेटिंग असलेल्या मॉडेलवर, सवलत मागून वेळ घालवू नका. तिथे एवढंच बघा की ॲक्सेसरीजचं पॅकेज गळ्यात बांधलं जात नाही.

दोन-तीन शहरांतल्या डीलरना एकच निरोप पाठवा. तो असा असावा :

"नमस्कार. अमुक मॉडेल, अमुक व्हेरियंट, पांढरा किंवा राखाडी. वैयक्तिक नाव, महाराष्ट्र पासिंग. विमा आणि कर्ज माझं मी बघतो, एक्सचेंज नाही. उत्पादनाचा महिना आणि बिलावर दिसणारी सवलत वजा जाता एक्स-शोरूम किंमत कळवा. या महिन्यात बिलिंग करायची तयारी आहे. तीन ठिकाणी विचारलं आहे, ज्यांची किंमत योग्य वाटेल त्यांच्याकडे शनिवारी बुकिंग करेन."

विमा, कर्ज आणि एक्सचेंज तिन्ही बाजूला ठेवल्यामुळे उरतो तो एकच आकडा आणि तो तीन ठिकाणी ताडता येतो. आकडा पक्का झाल्यावर विमा आणि कर्जासाठी त्यांनाही संधी द्या. बाहेरच्या कोटेशनशी बरोबरी करत असतील तर त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही. "बिलावर दिसणारी" हे शब्द गाळू नका. बिलावर किंमत कमी झाली तर जीएसटी आणि टीसीएस त्याच प्रमाणात उतरतो. "नंतर क्रेडिट नोट देऊ" किंवा "तेवढ्याच्या ॲक्सेसरीज देऊ" हा कमी प्रतीचा सौदा. लाखाच्या ॲक्सेसरीज डीलरला लाखाला पडत नाहीत.

वेळेचं बोलायचं तर दसरा, दिवाळी, पाडव्याला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या आठवड्यात सेल्सवाला तुमच्यामागे धावणार नाही. उलट पितृपंधरवड्यात शोरूम ओस पडतं आणि तो बहुतेक सप्टेंबरात, तिमाही संपण्याच्या तोंडावर येतो. तुम्हाला किंवा घरच्यांना पक्षात व्यवहार चालत असेल तर सौदा आणि बिलिंग तेव्हा उरकून डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. भाव पक्षातला, मुहूर्त दसऱ्याचा. डिसेंबरअखेर आणि मार्चअखेरही चांगली. "एक जानेवारीपासून किंमत वाढतेय" हे दर डिसेंबरात ऐकू येतं आणि बहुतेकदा खरंही असतं, पण ८० लाखांवर दोन टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. तेवढ्यासाठी न आवडलेला रंग किंवा कमी सवलत गळी उतरवून घेऊ नका.

कर्जाच्या नावाखाली

"कॅश डिस्काउंट ४ लाख किंवा ७ टक्क्यांनी कर्ज, दोन्हींपैकी एक." असा प्रस्ताव आला तर कागद घ्या. ५० लाख कर्ज, ६० महिने. ९ टक्क्यांनी हप्ता सुमारे १ लाख ३ हजार ८००. ७ टक्क्यांनी ९९ हजार. महिन्याला ४,८०० वाचतात, पाच वर्षांत २ लाख ८७ हजारांच्या आसपास, आणि ते पुढे पुढे मिळणार असल्यामुळे आजच्या पैशात त्यांचं मोल २ लाख ३० हजारच. म्हणजे ४ लाख रोख सवलत घ्या आणि आपल्या बँकेतून ९ टक्क्यांनी कर्ज काढा. कर्ज मोठं आणि मुदत लांब असेल तर उत्तर उलटंही येऊ शकतं, म्हणून दर वेळी हिशोब करा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडायचं शुल्कही विचारा.

शेवटी मोठी रक्कम ठेवून हप्ता लहान दाखवणाऱ्या योजनांत त्या शेवटच्या रकमेवर पूर्ण मुदतभर व्याज चालू असतं. हमी-बायबॅक असेल तर वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा आहे आणि ओरखड्यांचे पैसे कसे कापतात ते करारात वाचा. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्यांना या योजना मानवत नाहीत.

जुनी गाडी द्यायची असेल तर तिची किंमत आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी काढून ठेवा. एक लाखाचा एक्सचेंज बोनस देऊन जुनी गाडी अडीच लाखांनी कमी धरली तर तुम्ही दीड लाख गमावले.

जेमतेम वापरलेली गाडी

खरा फायदा मला इथे दिसतो, पण त्यासाठी किंमत कशावरून मोजायची हे पक्कं हवं. विकणारा नेहमी त्याने काय भरलं तिथून सुरू करतो. तुम्ही आज नवी कितीला पडते तिथून सुरू करा.

२२ सप्टेंबर २०२५ नंतर हे जास्तच महत्त्वाचं झालं. त्याआधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस मिळून ५० टक्के कर होता. आता सेस जाऊन सरसकट ४० टक्के आहे. बाकी काही बदललं नाही असं धरलं तर ऑगस्ट २०२५ मधली ९० लाखांची गाडी ८४ लाखांना आली. तेव्हा घेणाऱ्याने रोड टॅक्स, विमा धरून १ कोटी ७ लाख मोजले. तो म्हणणार, "वर्षभरच वापरलीय, बारा हजार किलोमीटर, ८५ द्या." ऐकायला बावीस लाखांचा फायदा. पण आज नवी ८४ लाखांची, त्यात ४ लाख सवलत मिळाली, तर ऑन-रोड ९६ लाखांच्या आसपास पडते. म्हणजे फायदा अकरा लाख, आणि त्या बदल्यात वॉरंटीचं एक वर्ष, पहिला मालक असण्याचं मोल आणि निम्मे टायर गेलेले.

विम्याच्या घसारा तक्त्यात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २० आणि तीन वर्षांपर्यंत ३० टक्के वजावट असते. बाजारभाव तंतोतंत तसा चालत नाही, पण बोलणी सुरू करायला हा आधार चांगला. ८४ लाखांतून २० टक्के गेले की ६७ लाख. अशा गाडीला मी ६४ पासून सुरू करून ७० च्या आत थांबेन. त्याहून वर जायचं तर वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज शिल्लक असलं पाहिजे. ते गाडीसोबत हस्तांतरित होतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

डीलरची डेमो गाडी हाही चांगला सौदा होऊ शकतो. तीन गोष्टी बघा. वॉरंटी तुमच्या खरेदीपासून नव्हे, गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून किंवा कंपनीच्या नोंदीतल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा ती तारीख सर्व्हिस रेकॉर्डमधून काढा. गाडी डीलरच्या नावावर नोंदली गेली असेल तर पाच हजार किलोमीटर चाललेली असली तरी आरसीवर तुम्ही दुसरे मालक, आणि त्याची किंमत पुनर्विक्रीत मोजावी लागते. तिसरं, सांगितलेली किंमत जीएसटी धरून की वगळून. जीएसटीचं क्रेडिट न घेता घेतलेल्या जुन्या गाडीच्या विक्रीत डीलरला फक्त नफ्याच्या रकमेवर १८ टक्के भरावे लागतात. डीलरने डेमोवर क्रेडिट घेतलेलं असेल तर हिशोब वेगळा होतो. तुम्ही एवढंच म्हणा, "सगळं धरून बिलाची रक्कम सांगा."

दिल्लीची डिझेल एसयूव्ही इथल्यापेक्षा स्वस्त दिसते. डिझेल गाडीच्या वापरावरच्या दहा वर्षांच्या मर्यादेच्या धास्तीने तिथे डिझेलची किंमत लवकर पडते. पण एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर आणि गाडी आणण्याचा खर्च मिळवून मगच तुलना करा. दोन-तीन वर्षांच्या महागड्या गाडीवर इथला कर काही लाखांत जातो आणि फायदा बहुतेक तिथेच संपतो.

अपघात झालाय का, हे विचारून कळत नाही. विम्याची चालू पॉलिसी मागा. गाडी तीन वर्षांची, मालक एकच आणि एनसीबी शून्य, तर क्लेम झालेला असण्याची दाट शक्यता. मग क्लेमचं बिल मागा. रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन जा. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एका दारावर १२० आणि शेजारच्यावर २८० दिसलं तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. मात्र या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांचं बॉनेट, कधी दारंही, ॲल्युमिनियमची असतात. फक्त लोखंडावर चालणारं स्वस्तातलं मीटर तिथे वाचनच देत नाही आणि बघणाऱ्याला वाटतं पुटी भरलीय. दोन्ही धातूंवर चालणारं मीटर घ्या. बंपर प्लास्टिकचा, तिथे ते चालतच नाही. तिथे दिव्यांच्या कडेची फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का आणि बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालाय का ते बघा.

एअर सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी चारही चाकांवरची उंची बघा. एक कोपरा बसलेला असेल तर हवा गळतेय. तशीच चालवली तर कॉम्प्रेसरवर ताण येऊन तोही जातो. डिझेल गाडी शहरात तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठीच वापरली असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरलेला असू शकतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये निदान यंत्र लावून काजळीची पातळी काढता येते. टायरच्या बाजूला डॉट (DOT) कोडमधले शेवटचे चार आकडे बघा : ३४२४ म्हणजे २०२४चा चौतिसावा आठवडा. वीस-एकवीस इंची चार टायर म्हणजे दीड-दोन लाखांचा खर्च सहज, आणि तो किमतीतून वजा करून मागायचा. ब्रेक डिस्क-पॅडचंही तसंच. दोष दाखवला की "करून देतो" म्हणतील. करून घेण्यापेक्षा पैसे कमी करून घ्या, काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आपण करू.

परिवहन पोर्टलवर मालक क्रमांक, बोजा, विम्याची मुदत आणि थकलेली चलनं तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम सोडू नका, थकबाकी थेट बँकेच्या कर्जखात्यात भरा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, कारण ओन डॅमेज आपोआप येत नाही.

पैसे आणि डिलिव्हरी

विसार लहान द्या आणि तो कोणत्या अटीवर परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या. रक्कम डीलरच्या किंवा कंपनीच्या खात्यातच आरटीजीएसने भरा, सेल्सवाल्याच्या खात्यात एक रुपयाही नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने बंदी आहे, तेव्हा "थोडं रोख दिलं तर सोडतो" याला भुलू नका.

उरलेली रक्कम भरण्याआधी आणि पासिंगला पाठवण्याआधी गाडी यार्डात, दिवसाच्या उजेडात बघा. एकदा नंबर पडला की गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य. चेसिस नंबर बुकिंगच्या कागदाशी जुळतो का, ओडोमीटर किती, टायरचे आठवडे चारही बाजूंना जवळपासचे आहेत का, काचांवरचं वर्ष एकच आहे का, हे बघा. महिनोन् महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असू शकते आणि पुन्हा चार्ज केलेली बॅटरी लवकर दगा देऊ शकते. अशा गाडीला नवी बॅटरी मागा. सनरूफ पूर्ण उघडून कडेच्या पन्हळी बघा, दोन्ही किल्ल्या, तिसऱ्या रांगेच्या सीट आणि टेलगेट चालवून बघा.

डिलिव्हरीच्या दिवशी बिल, फॉर्म २१, विम्याची पॉलिसी आणि रोड टॅक्सची पावती घेतल्याशिवाय केक कापायला जाऊ नका. टीसीएस तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे तिमाही उलटल्यावर आयकर पोर्टलवर पाहून घ्या. पॅनचं एक अक्षर चुकलं की ८० हजार तुमच्या खात्यावर दिसत नाहीत आणि दुरुस्ती फक्त डीलरच करू शकतो. त्यासाठी त्याच्या अकाउंट्स विभागाचा ईमेल डिलिव्हरीलाच घेऊन ठेवा.